कंपाउंडर काकांचा गुडघा

आसेगावातल्या बहुतेक माणसांना कंपाउंडर काका चेहऱ्यावरून ओळखत नसत. "मी त्यायले मागून वळखतो, मास्तर," असं ते मला पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला काही बोधच झाला नाही. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या एकुलत्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली सुया टोचल्या होत्या. सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन, सगळे कधी ना कधी त्या हिरव्या पडद्यामागे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेले. त्यामुळे कोणी कितीही मोठा झाला तरी काकांसमोर त्याला फार ताठ होता येत नसे. ग्रामसभेत एखादा फारच तावातावानं बोलायला लागला की काका मागच्या रांगेतून नुसते खाकरायचे, आणि तो माणूस मुद्दा आवरता घ्यायचा.

सुई टोचायची त्यांची एक पद्धत होती. पेशंट उभा राहिला की ते अगदी घरगुती आवाजात विचारायचे, "म्हैस व्याली काय रे तुही?" तो सांगू लागायचा, "हो काका, परवाच, रेडकू झा..." आणि तेवढ्यात सुई आत. मग कापूस चोळत काका आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचे, "झालं. मुंगी चावल्यावानी." गळू फोडलं तरी मुंगी, टाके घातले तरी मुंगी. कमळाबाई नावाच्या बाईचा निखळलेला खांदा डॉक्टरसाहेबांनी जागेवर बसवला, तेव्हा तिच्या ओरडण्यानं दवाखान्याच्या पत्र्यावरची सगळी कबुतरं उडून गेली होती. तिलाही काका म्हणाले, "मुंगी चावल्यावानी." ती म्हणाली, "बाप्पा, मुंगी होती का रेडा होता?"

त्यांचा दुसरा सिद्धांत अर्ध्या गोळीचा. पूर्ण गोळी पोटात गरमी करते, असं त्यांचं ठाम मत होतं. डॉक्टरसाहेब चिठ्ठीवर काहीही लिहोत, काका खिडकीशी बसून ब्लेडनं गोळीचे दोन तुकडे करत आणि कागदाच्या पुडीत बांधत. "अर्ध्यानं भागते त पुरी कायले?" गाव बरं होत होतं, त्यामुळे सिद्धांत खोटा ठरायचं कारण नव्हतं.

एक गोष्ट मात्र गावाला ठाऊक नव्हती. ती मला काकूंनी सांगितली, तीही काका घरात नसताना. स्वतः काका सुईला भयंकर भीत. एकदा त्यांच्या पायात गंजका खिळा घुसला, तर धनुर्वाताची सुई घ्यायला ते तयार होईनात. शेवटी डॉक्टरसाहेबांनीच त्यांना विचारलं, "कंपाउंडर, त्या वरच्या कपाटातला कापूस संपला का हो?" काका वळून वर बघायला लागले आणि डॉक्टरसाहेबांनी काम उरकलं. "चाळीस वर्षं लोकायले फसवलं, अन् त्याच डावात स्वतः सापडले," काकू तोंडावर पदर घेऊन हसत म्हणाल्या.

मी तेव्हा आसेगावच्या शाळेत शिक्षक होतो आणि काकांच्या घराला लागूनच भाड्यानं राहत होतो. दवाखाना बंद होऊन काही वर्षं झाली होती. काकांचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. घरापासून पारापर्यंत जायला त्यांना तीन ठिकाणी बसावं लागे, आणि तिन्ही ठिकाणी ते आपण दमलोय म्हणून नव्हे तर चौकशीसाठी थांबलोय असं दाखवत. शेवटी हैदराबादला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा संजय आला, त्यानं गुडघा बदलायच्या ऑपरेशनसाठी अकोल्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली, आणि दिवाळी झाल्यावर, सोयाबीनची गर्दी ओसरली तशी काकांची रवानगी अकोल्याला झाली. जीपमध्ये त्यांच्या शेजारी मी होतो. मंगरूळपीर मागे पडेपर्यंत ते बाहेर बघत होते. मग हळूच म्हणाले, "मास्तर, भूल कुठून देतात? तोंडावर मास्क लावून का पाठीत?" पाठीत, असं मी सांगितलं. पुढे अकोला येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

ऑपरेशन छान झालं. खरी गंमत सुरू झाली ती भूल उतरल्यावर. नर्सबाई दर काही तासांनी येऊन विचारायच्या, "काका, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" काकांच्या कपाळावर घामाचे थेंब, मुठीत चादर, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडानं म्हणायचे, "दोन." नर्सबाई माझ्याकडे बघायच्या. मी खांदे उडवायचो. एकदा काका चुकून "च..." म्हणाले आणि लगेच दुरुस्त करून "अडीच" म्हणाले. मला वाटलं, काय हा माणसाचा कणखरपणा! नंतर कळलं की पहिल्याच दिवशी त्यांनी शेजारच्या खाटेवर चाललेला कारभार नीट पाहून ठेवला होता. चारच्या आत सांगितलं की गोळी मिळते आणि सहाच्या वर सांगितलं की इंजेक्शन. हा हिशेब कंपाउंडरच्या नजरेतून सुटणार कसा?

घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. संजय आठ दिवस राहून हैदराबादला परत गेला होता, त्यामुळे पाहुण्यांची सरबराई काकूंकडे आणि गोळ्यांच्या वेळा माझ्याकडे. येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा किंवा संत्री घेऊन यायचा, काकांच्या खाटेशी बसायचा आणि कधीतरी टोचून घेतलेल्या सुईची परतफेड करून जायचा. कमळाबाई तर दारातूनच म्हणाली, "काय काका, मुंगी चावली का?" काका कसनुसं हसले.

काकांचे मंगरूळचे व्याही आले तेव्हा खोलीत बसायला जागा नव्हती. कोपऱ्यात अकोल्याहून आणलेली संडासची खुर्ची झाकण लावून ठेवली होती. व्याही खुशाल तिच्यावर बसले. चहा झाला, चिवडा झाला, संत्री सोलून झाली. तासाभरानं उठताना खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाले, "खुर्ची मोठी ऐसपैस आहे. कुठून आणली?" काकू लगबगीनं स्वयंपाकघरात पळाल्या. काका अगदी शांतपणे म्हणाले, "अकोल्याहून. तुमाले पाह्यजे असंन त मागवून देतो."

व्यायाम शिकवायला मंगरूळपीरहून शबाना यायची, आठवड्यातून तीनदा, स्कुटीवर. ती फिजिओथेरपिस्ट होती. तिची नानी आसेगावची, त्यामुळे लहानपणी सुट्टीत आली असताना ती काकांच्या तावडीत सापडलेली होती. पहिल्याच दिवशी तिनं काकांच्या गुडघ्याखालची उशी काढून घेतली.

"अवं पोरी, उशीनं बरं वाटते!"

"म्हणूनच काढली. उशी ठेवली त पाय सरळच नाही होणार. टाचेखाली ठेवू."

"तुह्या लहानपणी मी तुले सुई दिली, त्याचा बदला घेऊन राह्यली का?"

"बदला नाही काका," शबाना म्हणाली, "पन याद आहे मले. तुमी मले विचारलं होतं, नानीनं ईदले काय शिजवलं. आजही शीरखुर्मा पाह्यला की माही कंबर दुखते."

ती कोनमापकासारखं लांब दांड्याचं एक प्लॅस्टिकचं माप आणायची आणि गुडघा किती वाकतो ते मोजायची. पहिल्या आठवड्यात पन्नास अंश. दुसऱ्या आठवड्यात सत्तावन्न. पाय वाकवायला घेतला की काका दात आवळत, खाटेची दांडी पकडत आणि शबानाला गोष्टी सांगायला लागत. पूर्वी दवाखान्यात कोण आलं होतं, कोणाला विंचू चावला होता, डॉक्टरसाहेब काय म्हणाले. गोष्ट अशी रंगवत की दहा वेळा वाकवायचा पाय चार वेळातच आटपे. शबाना निघून गेली की डोळे मिटून पडून राहत. "किती दुखतं?" असं मी विचारलं की "दोन."

तिसरा आठवडा संपताना शबानानं माप लावलं आणि तिचा चेहरा उतरला. "साठ," ती म्हणाली. "काका, आतापर्यंत नव्वदच्या जवळ यायले पाह्यजे होता."

"हळूहळू होईन."

"हळूहळू नाही होत, हळूहळू जाम होते. असाच राह्यला त परत अकोल्याले न्या लागंन. भूल देऊन वाकवा लागंन डॉक्टरले. इतकं दुखतच नाही म्हणता, त मंग वाकवत काहून नाही?"

काका म्हणाले, माप चुकलं असंन. शबाना म्हणाली, तुमीच वाचून पाहा. काकांना चष्मा लागत होता. त्यांनी हात पुढे करायच्या आत काकूंनी फळीवरचं चष्म्याचं घर उचललं आणि उघडलं. आत चष्मा नव्हताच. चादरीवर गोळ्यांचे तुकडे सांडले. सगळे बरोबर अर्धे, ब्लेडनं कापलेले.

मी दिवसातून तीनदा माझ्या हातानं त्यांना गोळी देत होतो आणि ते माझ्यासमोर पाणी पीत होते. चाळीस वर्षांचा हात, गोळी मुठीतच कधी राहायची, मला काय पत्ता लागणार?

"अर्ध्यानं भागत होतं," काका पुटपुटले.

"भागत होतं?" शबाना खाटेच्या कडेवर बसली. आता तिचा आवाज चढलेला नव्हता. "काका, खरं सांगा. दहापैकी किती?"

काकांनी छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग काकूंकडे.

"नऊ," ते म्हणाले. "वाकवतानी दहा. पहाटी थंडीनं आखडते तवा दहाच्याही वर." आणि तो मोठा, पिकल्या मिशांचा माणूस टॉवेलात तोंड खुपसून लहान लेकरासारखा रडायला लागला.

"एवढं दुखत होतं त सांगाचं ना!" काकू म्हणाल्या.

"कसा सांगू? लोकायले जनमभर मुंगी म्हणलो. आता मीच ओरडलो त गाव काय म्हणंन?" त्यांनी नाक पुसलं. "एवढं दुखते, हे मले कुठं माहीत होतं? त्या कमळाबाईचा खांदा... तिलेही मी मुंगीच म्हणलो."

शबानानं तिथूनच अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या लिहून दिल्याप्रमाणे पूर्ण आणि वेळेवर घ्यायच्या, व्यायामाच्या आधी तासभर एक येईल अशा बेतानं. दुखणं चढून बसल्यावर गोळी घेतली तर ती दुखण्याच्या मागे नुसती धावत राहते, असं डॉक्टरांनी समजावलं. व्यायाम झाला की बर्फ, पाय उशीवर उंच. पोटात गरमी होऊ नये म्हणून वेगळी गोळी आधीपासूनच दिलेली होती, तीही काकांनी अर्धी केलेली निघाली. आणि दुखलं तर ओरडायचं. ही शेवटची अट शबानाची.

काका ओरडायला लागले. साठ-सत्तर वर्षांचं साठवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. चार वाजता शबानाचं स्कुटी लावणं आणि सव्वाचारला काकांची पहिली आरोळी. गल्लीतल्या बाया त्या आरोळीवर चहाचं आधण ठेवायला लागल्या. एकदा शबाना उशिरा आली तर समोरच्या घरातून विचारणा आली, "काका, आज ओरडले नाई? तब्येत ठीक आहे ना?" पूर्ण गोळीमुळे दुखणं नवावरून पाचावर आलं होतं, पण काकांनी आरोळी काही नवावरून खाली आणली नाही. "सवय झाली लोकायले," ते म्हणाले.

कमळाबाईला त्यांनी मुद्दाम बोलावणं धाडलं. ती आली तर खाटेवर ताठ बसून म्हणाले, "कमळाबाई, तुह्या खांद्याले त्या दिवशी लय दुखलं असंन."

"दुखलं ना. जीव जाते की काय वाटलं."

"मी मुंगी म्हणलो. चुकलं माहं."

कमळाबाईनं थोडा विचार केला. "नाही काका," ती म्हणाली, "तुमी मुंगी म्हणले, म्हणून मले वाटलं हात वाचला. रेडा म्हणले अस्ते त मी तिथंच मेली अस्ती." जाताना तिनं त्यांच्या खाटेवरची दोन संत्री उचलून नेली. सगळी फिटंफाट झाली, असं काका म्हणाले.

गुडघा पंच्याहत्तर झाला, मग ब्याऐंशी. ज्या दिवशी माप नव्वदला टेकलं त्या दिवशी काकांनी मला जिलेबी आणायला पिटाळलं. मी परत आलो तेव्हा काकू जमिनीवर बसून काकांच्या गुडघ्याला बर्फाचा टॉवेल बांधत होत्या. बांधून झाल्यावर त्या जिलेबीसाठी ताटल्या आणायला उठल्या. उठल्या म्हणजे आधी एक हात जमिनीला, मग दुसरा खाटेच्या पायाला, मग थोडं थांबून, ओठ दाबून, कशाबशा उभ्या. मी रोज त्या घरात जात होतो. माझ्या कधी नजरेत आलं नव्हतं. शबानाच्या आलं.

"काकू, थांबा. तुमचे गुडघे कवापासून दुखतात?"

"माह्ये? चालू आहेत ना."

"हिले काय झालं?" काका हसत म्हणाले. "टनाटन आहे ते."

शबानानं काकूंना खुर्चीवर बसवलं, दोन्ही गुडघे हातानं दाबून, हलवून पाहिले. आत कचकच वाजत होतं, मला दारात ऐकू आलं. दोन दिवसांनी तिनं मंगरूळला नेऊन एक्स-रेचे फोटो काढून आणले. खिडकीशी धरून काकांनी ते स्वतः पाहिले. एवढं त्यांना कळत होतं. काकूंचे दोन्ही गुडघे त्यांच्या जुन्या गुडघ्यापेक्षा वाईट होते. त्याच गुडघ्यांवर ती बाई दीड महिना त्यांची संडासची भांडी उचलत होती, बर्फ बांधत होती, पाहुण्यांना चहा देत होती.

काकांनी फोटो खाली ठेवले. मग विचारलं, "मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं," काकू गहू निवडत म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "पाच-सहा वर्षं झाले. तुमी म्हणले वय झालं, अन् अर्धी गोळी दिली."

काका वॉकर घेऊन उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. गल्लीतून जाणाऱ्या दोघा-तिघांनी रामराम घातला, त्यांनी कोणालाच ओळख दिली नाही. आत आले तेव्हा काकूंच्या हातातलं गव्हाचं सूप त्यांनी काढून घेतलं आणि स्वतःच्या मांडीवर ठेवलं. निवडायला लागले. खडे तसेच राहत होते आणि गहू खाली पडत होते, पण काकूंनी सूप परत मागितलं नाही.

त्या उन्हाळ्यात माझी बदली रिसोडला झाली. काकूंचा पहिला गुडघा झाला तो त्यानंतरच्या दिवाळीत, त्याच अकोल्याच्या डॉक्टरांकडे. संजय म्हणत होता की आईला हैदराबादला नेतो, तिथे बाई ठेवू. काका म्हणाले, बाई कायले, मी आहे ना. महिन्याभरानं एका रविवारी मी एसटीनं आसेगावला गेलो.

दार उघडंच होतं. काकू खाटेच्या कडेवर बसलेल्या आणि काका समोर बुटक्या स्टुलावर, काकूंची टाच दोन्ही तळव्यांत धरून. एका बाजूला घड्याळ, दुसरीकडे गोळ्यांची वही, चूल विझलेली आणि तव्यावर एक करपलेली, नकाशासारखी पोळी. शबाना अजून यायची होती. काका तिची वाट न बघता सुरू झाले होते.

"चल, पाच झाले. अजून पाच."

"नाही होत माह्याच्यानं."

"होते. गोळी घेऊन तास झाला. चल, सहा."

"अहो सोडा ना!"

"सात."

आणि तेवढ्यात काकूंनी, ज्यांनी चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला कधी 'अरे' म्हटलं नव्हतं, खाटेची दांडी घट्ट धरली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "सोड मुडद्या! सोड माहा पाय!"

मी उंबऱ्यातच थबकलो. काकूंनी मला पाहिलं आणि लाजून पदर डोक्यावर ओढला. काकांनी मात्र टाच सोडली नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा फुललेला, जणू कोणी त्यांना गावाच्या पारावर हार घातला असावा.

"ऐकलं का मास्तर?" ते म्हणाले. "कालपासून म्हणून राह्यलो, मनात नको ठेवू, बोल. आज बोलली." मग काकूंकडे वळून, अगदी हळू आवाजात, "अजून एक शिवी दे. पन पाय वाकव. आठ."